कोपाला मुदत नसते

जट कापणं हे कात्रीचं काम आहे आणि ते एका बैठकीत उरकतं. अवघड काळ त्यानंतर सुरू होतो. वर्षानुवर्षांचं ओझं उतरलेली बाई घरी जाते, कितीतरी दिवसांनी कुशीवर वळून झोपते, आणि पंधरवड्यानं घरातलं एखादं मूल तापानं फणफणतं. गावात साथ आहे, शेजारपाजारची पोरंही तापली आहेत, हे तिला दिसत असतं. तरी सासूनं तोंड उघडायच्या आत तिच्याच मनात येऊन जातं, की देवी कोपली, आपण कापायला नको होती. मला लिहायचं आहे ते या भीतीविषयी. धर्माच्या नावानं ज्यांच्या मनाला इजा झाली त्यांनी बरं व्हावं म्हणून आपण समाज या नात्यानं काय देतो? वाद देतो, कायदा देतो, सुटून आल्यावर सत्कारही करतो. पण ताप चढलेल्या त्या रात्री तिच्याजवळ बसायला कुणी नसतं, आणि बरं होणं न होणं बहुतेक वेळा त्या रात्रीवर ठरतं.

जट कशी होते हे आता गुपित राहिलेलं नाही. केस विंचरले-धुतले गेले नाहीत, तेल, घाम आणि धूळ साचत गेली, की ते एकमेकांत गुंततात आणि त्यांचा घट्ट गोळा होतो. वैद्यकात त्याला प्लिका म्हणतात. पण पहिला गुंता दिसतो तेव्हा पुष्कळ घरांत फणी शोधली जात नाही; देवऋषी किंवा जोगतीण शोधली जाते. ती सांगते, यल्लम्मा आली आहे. मग त्या केसांना कात्री नाही, फणी नाही. हळद-कुंकू लागतं, भंडारा लागतो, मंगळवार-शुक्रवारी पूजा होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात कित्येक मुलींच्या बाबतीत जट हीच देवीनं मागणी घातल्याची खूण मानली गेली आणि त्यांना सौंदत्तीला नेऊन देवीला सोडलं गेलं. जट वाढते तशी मान दुखते, उवा होतात, वास येतो, बाई चार माणसांत जायचं टाळू लागते. हे सगळं ती सोसते, कारण तिला सांगितलेलं असतं, की कापलीस तर नवरा जाईल, पोर जाईल.

या धमकीची रचना नीट पाहायला हवी. ती बाईच्या स्वतःच्या जिवाला घातलेली नाही, तिच्या मायेला घातलेली आहे. शंभरातली एक शक्यता जरी खरी निघाली तर काय, हा प्रश्न जिच्यापुढे आहे त्या आईला तुम्ही शक्यतांचं गणित शिकवू शकत नाही. ती अडाणी आहे म्हणून नव्हे. कोणतीच आई पोराचा जीव पणाला लावून प्रयोग करत नाही. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला येणाऱ्यांत इंजिनिअर असतात, डॉक्टर असतात. ‘करून टाकू, उगाच रुखरुख नको’ हे त्यांचं वाक्यही याच मायेतून आलेलं असतं. आणि दुसरी गोष्ट, या कोपाला मुदत नसते. चार महिने काही झालं नाही, चार वर्षं काही झालं नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. बारा वर्षांनी कुणाचा पाय मोडला तरी तो त्याच खात्यावर मांडला जातो. आयुष्यात काही ना काही वाईट घडतंच, त्यामुळे ही भीती पुराव्याअभावी कधी मरत नाही. म्हणूनच युक्तिवादानं माणसाचं मत एका संध्याकाळी बदलू शकतं आणि भीती मात्र तिथेच राहते.

पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात कितीतरी बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. त्या ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या; केसांना हात लावणं हा त्यांचा धंदाच. त्यांच्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कात्रीच्या आधीचं बोलणं. बाईशी बोलायचं, नवऱ्याशी बोलायचं, नकार आला तर पुन्हा जायचं. जी बाई स्वतः हो म्हणून बसते तिच्या हाती कापलेल्या केसांबरोबर एक अनुभवही येतो: मी ठरवलं, आणि मी केलं. पुढे ताप चढतो तेव्हा उपयोगी पडतो तो हा अनुभव.

मार्लीन विनेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मध्ये अशा इजेला ‘रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्या स्वतः पेंटेकोस्टल मिशनरी घरात वाढलेल्या. धर्म सोडल्यावरही दचकून जागं होणं, सतत अपराधी वाटणं, साधा निर्णयही घेता न येणं, ओळखीचं सगळं जग एका दिवसात तुटणं, अशी लक्षणं त्यांनी मांडली. मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात हा स्वतंत्र आजार नाही, आणि तो तसा असावा की नाही यावर मतभेद आहेत. मला नावाचा आग्रह नाही. पण त्यांचं चित्र जसंच्या तसं इकडे आणून चालणार नाही, हे सांगायला हवं. तिकडची भीती मुख्यतः मेल्यानंतरच्या नरकाची आणि ती एकेकट्या माणसाच्या विश्वासाशी बांधलेली. आपल्याकडची भीती याच जन्मात, याच घरावर कोसळणारी. ती विश्वासावर अवलंबूनही नाही. ‘माझा नाही विश्वास, पण घरच्यांसाठी करते’ असं म्हणणाऱ्या सुनेला तीच भीती पुरून उरते. त्यामुळे आपल्याकडे एकटं माणूस बरं होऊ शकत नाही. घराला बरं व्हावं लागतं, निदान घरातल्या एकाला तरी.

या सगळ्याचा मराठीतला सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज पंडिता रमाबाईंचं आयुष्य आहे असं मी मानते. आपण त्यांना विदुषी म्हणून, समाजसुधारक म्हणून, धर्मांतरामुळे वादग्रस्त ठरलेली स्त्री म्हणून वाचतो. जखमी माणूस म्हणून त्यांना वाचलं की वेगळंच काही दिसतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब देवळांत पुराण सांगत तीर्थांतीर्थी फिरायचं. अनंतशास्त्रींनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, त्यासाठी समाजाचा रोष घेतला. माणूस मोठा होता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब दक्षिणेत अडकलं. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं होतं. देव प्रसन्न व्हावा म्हणून त्यांनी उपास केले, स्नानं केली, पूजा केल्या, शास्त्रात सांगितलेलं सगळं सगळं केलं. अंगमेहनतीचं काम करणं त्यांच्या धर्मकल्पनेत बसत नव्हतं आणि भीक मागायची लाज वाटत होती. वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला माणसं पुरेनात तेव्हा रमाबाईंनी खांदा दिला. उंची कमी म्हणून त्यांना ती डोक्यावर घ्यावी लागली.

हे सगळं घडल्यावर त्या मुलीचा देवधर्मावरचा विश्वास त्याच दिवशी उडाला असेल असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. रमाबाईंनी स्वतःच नोंदवलं आहे, की त्यानंतरही त्या आणि भाऊ श्रीनिवास कित्येक वर्षं पायी तीर्थयात्रा करत राहिले, नेमधर्म पाळत राहिले, थंडीत झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून अंग पुरून घेऊन रात्री काढल्या. उत्तर हिंदुस्थानातून ते १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे पंडितांनी त्यांचा गौरव केला, आणि तिथेच शास्त्रग्रंथ बारकाईनं वाचताना त्यांना पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, की या ग्रंथांचं एकमेकांशी कितीही न पटो, स्त्रीच्या हीनपणावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. म्हणजे घाव बसला दुष्काळात आणि ‘हे चूक होतं’ असं म्हणता आलं ते कित्येक वर्षांनी. ज्या घरात इजा होते ते घर प्रेमाचंही असतं. वडिलांना चूक म्हटल्याशिवाय धर्माला चूक म्हणता येत नाही, आणि ज्या वडिलांनी जगाशी भांडून अक्षर शिकवलं त्यांना चूक कसं म्हणायचं? आजही जी मुलं अशा घरांतून बाहेर पडतात त्यांच्या तोंडी पहिली कित्येक वर्षं ‘पण आईबाबांचा हेतू चांगला होता’ हेच वाक्य असतं. त्यांना घाई करू नये. हेतू चांगला होता आणि इजा झाली, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी मनात धरता येणं, हीच सुधारणेची पहिली खूण असते.

रमाबाईंच्या गोष्टीचा पुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सेंट मेरी मठात राहिल्या. सोबत आनंदीबाई भगत होत्या. परक्या देशात, परक्या धर्माच्या घरात आनंदीबाईंना भीतीनं घेरलं. आपल्याला बळानं ख्रिस्ती करतील असं त्यांना वाटत होतं, असं त्या काळच्या नोंदींत आहे. थोड्याच महिन्यांत त्यांनी आत्महत्या केली. रमाबाईंच्या चरित्रात ही बाई एका परिच्छेदात येऊन जाते. माझ्या मनातून ती हलत नाही. बळजबरी झाली असेल वा नसेल, मनाला ती होईल असं वाटणं पुरेसं ठरलं. दुखावलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला आश्रय देणाऱ्यानं आपला धर्म आश्रयाच्या दाराशी उभा करू नये, याचं याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आणि नवा धर्म मिळाला, शांती मिळाली, गोष्ट संपली, असं झालं नाही. त्यांच्या आध्यात्मिक पालक सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार आहे. तो म्हणजे एक चाललेलं भांडणच आहे. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असाही वाद घातला. जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. मला त्यात प्रकृती सुधारल्याचं लक्षण दिसतं. जिला देवाच्या नावानं उपाशी ठेवलं गेलं होतं ती आता देवाच्या नावानं आलेल्या प्रत्येक आज्ञेला ‘कोण सांगतं?’ म्हणून विचारते आहे, आणि तरीही देव सोडत नाही. श्रद्धा राहिली की गेली, यावरून माणूस बरा झाला की नाही हे ठरत नाही. त्याला प्रश्न विचारताना धाप लागते का, यावरून ठरतं.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांना पाहताना स्वतःचे दुष्काळाचे दिवस आठवले, असं त्यांनीच लिहिलं आहे. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. हे सुंदर आहे, पण प्रत्येक जखमी माणसानं आपल्या दुःखातून संस्था उभारावी अशी अपेक्षा आपण करू लागलो तर तो नवा जुलूम होईल. पुष्कळांना फक्त शांत झोप हवी असते, आणि तेवढं मागायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

भीती शरीरात कशी मुरते हे पाहायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ उघडावं. त्यांच्या वडिलांचं सोवळं मीठ-साखर धुऊन घेण्यापर्यंत गेलं होतं, आणि त्याचा उगम लक्ष्मीबाई सांगतात तो १८५७ च्या धामधुमीत घरातल्या वडीलधाऱ्याला झालेल्या फाशीत आहे. म्हणजे मुळात धक्का दुसराच होता. त्यानं सोवळ्याचं रूप घेतलं, आणि त्याची किंमत घरातल्या बायका-मुलींनी आयुष्यभर मोजली. पुढे १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाई त्याच्याकडे राहायला गेल्या तरी त्यांचं सोवळं-ओवळं काही काळ वेगळं चालूच होतं. नवऱ्यावर जीव, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची तयारी, आणि तरी हात मागे सरकतो. आज मानसोपचारतज्ज्ञांकडे येणाऱ्या धुण्याच्या, पुन्हा पुन्हा मंत्र म्हणण्याच्या, ‘मनात देवाबद्दल वाईट आलं’ म्हणून थरथरण्याच्या कित्येक तक्रारी याच जातीच्या असतात. त्यावर उपचार आहेत. गोळ्या आहेत, आणि भीतीला हळूहळू, ठरवून, कुणाच्या तरी सोबतीनं सामोरं जायची पद्धत आहे: पहिल्या दिवशी एकच भांडं न धुता ठेवायचं, जिवाची तगमग होऊ द्यायची, ती चढते तशी उतरतेही हे शरीराला कळू द्यायचं. शरीराला वाद कळत नाही, अनुभव कळतो. कि. मो. फडक्यांनी मराठी वाचकाला विवेकनिष्ठ विचारपद्धती समजावून दिली हे फार मोठं काम झालं. अपराधगंडातल्या ‘मी नीच आहे’ या वाक्याला ती नेमकं उत्तर देते. मागे सरकणाऱ्या हाताला मात्र त्याच्या जोडीला हा दुसरा उपाय लागतो.

आता अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीविषयी. तिच्याबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच तिची उणीव सांगते. तिचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अनुसूचीत बारा कृत्यं, सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकारी. हा कायदा करवून घेण्यासाठी एका माणसानं आयुष्य दिलं. पण कायद्याची नजर गुन्हेगारावर आहे, तशी ती असणारच. भगताला अटक होते, वर्तमानपत्रात बातमी येते, आणि जिला चटके दिले ती मुलगी त्याच घरात, त्याच लोकांत, आता वर ‘घराण्याची अब्रू घालवलीस’ हे ऐकत राहते. चळवळीच्या लोकांनाही हे कळलं आहे. दाभोलकर स्वतः डॉक्टर, त्यांचे चिरंजीव हमीद मनोविकारतज्ज्ञ, आणि साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेनं व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचंही काम धरलं. तरीही आपल्या सार्वजनिक कल्पनेत अंधश्रद्धेविरुद्धचं काम म्हणजे चमत्काराचा पर्दाफाश. स्टेजवर नारळातून करणी काढून दाखवली की टाळ्या पडतात. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत जिच्या घरी तसाच नारळ फुटला होता अशी एक बाई बसलेली असते, आणि ती त्या संध्याकाळी ‘आपण किती मूर्ख होतो’ एवढंच घेऊन घरी जाते. भीतीच्या जागी लाज आली, याला मी बरं होणं म्हणणार नाही.

उलट बाजूचं एक म्हणणं गंभीरपणे ऐकायला हवं. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी वर्षानुवर्षं मांडलं, की दर्गे, देवस्थानं ही पुष्कळ बायकांच्या मनाला मोकळं व्हायची एकमेव जागा असते. ती काढून घेताना तुम्ही तिथे दुसरं काय ठेवता? ल्युसिंडा रॅमबर्ग या अभ्यासिकेनं कर्नाटकातल्या जोगतिणींवर २०१४ मध्ये पुस्तक लिहिलं. सुधारकांनी त्यांच्या जटा कापणं हीही सत्ता गाजवण्याची एक रीत होऊन बसते, असं त्या म्हणतात. अंगात येतं तेव्हा सून सासूला एकेरीत बोलू शकते, नवरा तिच्या पाया पडतो. वर्षभराची घुसमट त्या अर्ध्या तासात बाहेर पडते. हे खरं आहे, आणि मी ते नाकारणार नाही. पण याच देशात ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडांत बांधलेली २८ मनोरुग्ण माणसं आगीत मेली, कारण त्यांना पळता आलं नाही. माणसाला साखळीनं बांधून ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी केली, ती इतक्या उशिरा. म्हणून माझा निवाडा असा: बाईला त्या जागी जावंसं वाटलं तर तिनं जावं, पण तिथून उठून यायची मोकळीक तिच्या हाती हवी. ज्या जागेतून उठता येत नाही ती जागा कितीही पवित्र असो, ती कोंडवाडा आहे. आणि कात्रीलाही हाच नियम लागू. बाईच्या होकाराशिवाय कापलेली जट मला मुक्ती वाटत नाही.

गुरूनं केलेल्या अत्याचाराची गोष्ट आणखी वेगळी. गुरमीत राम रहीमला २०१७ मध्ये शिक्षा झाली त्या प्रकरणाची सुरुवात २००२ च्या एका निनावी पत्रानं झाली. एका साध्वीनं पंतप्रधानांना लिहिलेल्या त्या पत्रात घरचेच अंधभक्त असल्याची वेदना आहे. आसारामला २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयानं जन्मठेप दिली; ती मुलगीही भक्त कुटुंबातली, आणि तिच्या आईवडिलांनी तिच्यावर विश्वास ठेवला. या दोन घरांत किती फरक आहे! निकाल दोन्हीकडे लागला, पण एकीकडे मुलीला पंधरा वर्षं थांबावं लागलं. मला जी थोडीफार अशी माणसं जवळून दिसली त्यांच्याबाबत एक गोष्ट पक्की जाणवली: ‘तू सांगतेस ते खरं आहे आणि ते चूक होतं’ हे वाक्य घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकलेलं माणूस आणि कधीच न ऐकलेलं माणूस, यांच्या पुढच्या आयुष्यात फार अंतर पडतं. न्यायालयाचा निकाल त्याची जागा घेऊ शकत नाही.

बाहेर पडलेल्या माणसाच्या दुःखाबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. ‘सुटलीस एकदाची’ म्हणतात तिला. तिनं काय सांगावं, की गुरुवारी संध्याकाळी अजून कासावीस होतं? आरतीच्या चाली, सत्संगातल्या मैत्रिणी, सगळ्यांनी मिळून केलेला स्वयंपाक, आपण कुणाचे तरी आहोत ही ऊब, हे सगळं तिथेच राहिलं. ज्यानं छळलं त्याच जागेची आठवण येते, म्हणून तिला स्वतःचीच शरम वाटते. वारकरी घर तुटलं म्हणून अभंगही तुटावा असं नाही. पण कुणाला काही वर्षं टाळांचा आवाजही सहन होत नाही, आणि त्याला ‘नास्तिक झालास का’ म्हणून डिवचू नये. दोघांचंही सुतक खरं आहे. आपल्याकडे मेलेल्या माणसासाठी तेरा दिवस राखून ठेवले आहेत. गमावलेल्या देवासाठी, गुरूसाठी, पंथासाठी एकही दिवस नाही.

रागाचं मात्र आपल्याकडे सोपं व्हायला हवं होतं. ज्या भाषेत नामदेव आणि जनाबाई विठ्ठलाशी भांडले, त्याला नको नको ते बोलले, ज्या भाषेत चोखोबांनी आणि सोयराबाईंनी देवाला त्याच्या दाराबाहेर उभं राहून जाब विचारला, त्या भाषेत देवावर रागावणं हे पाप कसं झालं? संतांनी ती वाट करून ठेवली आहे. ती बुजवली मठपतींनी, ट्रस्टींनी, आणि ‘देवाबद्दल असं बोलू नये’ म्हणणाऱ्या प्रेमळ आजीनं. जखमी माणूस देवाला शिव्या देतो तेव्हा भाविकांनी कान झाकू नयेत आणि बुद्धिवाद्यांनी ‘जो नाही त्याला कसल्या शिव्या’ असं म्हणून त्याला अडवू नये. त्याला बोलू द्यावं.

आणि सोबत कशी द्यायची याचा सर्वांत मोठा धडा आपल्या डोळ्यांसमोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षं राजकारणाची, अभ्यासाची होतीच. ती एका समाजाच्या मनाच्या तयारीचीही होती. नागपूरला त्यांनी लाखो लोकांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. त्यांतल्या पहिल्या प्रतिज्ञा जुन्या देवांना न मानण्याच्या, न पुजण्याच्या आहेत. श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याचीही एक आहे. टीकाकारांना त्यात कडवटपणा दिसला. मला त्यात भीतीची अचूक जाण दिसते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कोपाच्या धाकात ठेवलं त्यांना एकेकट्यानं घरात बसून देव्हारा हलवायला सांगितलं असतं तर रात्री किती जणांनी तो परत मांडला असता! तेच शब्द शेजारच्याच्या, बायकोच्या, म्हाताऱ्या बापाच्या आवाजात आवाज मिसळून, उघड्या मैदानावर, मोठ्यानं म्हणायचे, आणि सगळ्यांनी एकत्र घरी परतायचं. दुसऱ्या दिवशी पोर आजारी पडलं तर शेजारीही तीच प्रतिज्ञा घेतलेला होता. शिवाय हात रिकामे ठेवले नाहीत: वंदना दिली, विहार दिले, जयंतीचे आणि दीक्षादिनाचे सण दिले. एकट्यानं पंथ सोडणाऱ्या आजच्या मुला-मुलीला यातलं काहीच मिळत नाही.

ते मिळावं यासाठी काय करता येईल, हे फार दूरचं नाही. जट सोडवली, भगताच्या तावडीतून मुलगी सोडवली, की त्या घराशी वर्षभर संबंध ठेवायचा, आणि पहिल्या आजारपणाला, पहिल्या मृत्यूला कुणीतरी तिथे जायचंच, असा नेम कार्यकर्त्यांनी करावा. पोलिसांत गुन्हा नोंदवताना दक्षता अधिकाऱ्यानं पीडित व्यक्तीला जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य कक्षाशी जोडून द्यावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेल. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत, चेहऱ्यावर हसू न आणता, विचारावं: कुणी काही करायला सांगितलंय का, काही बोललेला नवस राहिलाय का, बाहेरचं कुठे दाखवलंत का? या प्रश्नानं पेशंट दबला नाही तर पुढचं सगळं बोलतो. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, मराठीतून बोलता येतं. तिथे फोन उचलणाऱ्यांच्या प्रशिक्षणात कोप, दोष, करणी आणि गुरुद्रोह हे चार शब्द असायला हवेत. मध्यरात्री फोन करणारी बाई लक्षणं सांगणार नाही. ती एवढंच विचारेल, की मी केलं त्यामुळे झालं का हो हे? तिला ‘नाही’ म्हणायचं, आणि फोन ठेवायची घाई करायची नाही.